वहीतला पारना

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या आपल्या मंडळाची सर्वांत जुनी वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, आखीव, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्या पहिल्या पानावर सभासदांची यादी नाही, वर्गणीचा हिशेब नाही, उद्घाटनाला कोण पाहुणे आले होते तेही नाही. पेन्सिलीने काढलेला एक आकाशपाळणा तेवढा आहे. बारा डोल्या, मधला आस, दोन्ही अंगांचे तिरपे पाय. चौथ्या डोलीभोवती लाल शाईचा गोल आणि शेजारी दोनच शब्द : ‘इथे तार’. संपादकांनी स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास मागितला तेव्हा मी ती वही घेऊन बसलो. इतिहास त्या लाल गोलापासूनच सुरू होतो.

आपल्या तालुक्यातली अभियांत्रिकी शिकणारी मुले वर्षभर बाहेरगावी असतात. कोणी नागपूरला, कोणी भंडारा-गोंदियाला, कोणी थेट पुण्याला. ती सगळी एकाच वेळी घरी सापडतात ती दिवाळीत. आणि नेमक्या त्याच दिवसांत झाडीपट्टीत मंडया भरतात. भाऊबीज झाली की आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची. दिवसा बाजार, दंडार, गोवाऱ्यांचा नाच, रात्रभर वडशाच्या नाटक कंपनीचे नाटक. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, सोयरिकीची बोलणी चाललेली असतात, टोपलीत उकडलेले शिंगाडे वाफाळत असतात. आणि या सगळ्याच्या वर, लांबून रस्त्यावरून दिसतो तो झुला. म्हातारी माणसे त्याला ‘पारना’ म्हणतात. आपल्या बोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी साकोलीत राहून या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातले, म्हणून आज तो शब्द मी संकोच न करता छापायला देतो आहे.

मंडळ निघाले तेव्हा साकोलीवरून जाणारा महामार्ग सहा क्रमांकाचा होता. आताचा ५३ क्रमांक त्याला मिळायचा होता. आम्ही पाच-सहा जण एका गावच्या मंडईत फिरत होतो. झुला भरून फिरत होता. एक डोली वर जाताना एका अंगाला कलली आणि तशीच कललेली राहिली. खाली गलका झाला. वरच्या चौघांनी दांडी धरून ठेवली होती, त्यातल्या एका बाईच्या मांडीवर लहान मूल होते. झुलेवाल्या काकांनी इंजिन बंद केले, पट्टा सोडवला आणि दोन पोरांना हाताशी घेऊन ते अजस्र चाक हाताने, वीत-वीत करून, खाली आणले. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पण डोली उतरल्यावर आम्ही जवळ जाऊन पाहिले तर ती ज्या खिळीवर झुलते तिथली एका बाजूची कॉटर पिन नव्हतीच. तिच्या जागी बांधणीची तार होती, तीन वेढे दिलेली, आणि ती झिजून तुटली होती.

आमच्यातल्या एकाने काकांना चार शब्द सुनावले. काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘पिन आठ दिवसांमांगं पडली बाबू. गाव सोडून गाव जातो आमी, दुकान कुठं सापडते? तुमी शिकता ना यायचंच? मंग सांगा, आनखी कुठं कुठं तार हाय ते.’

त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. बलांचे बहुभुज काढून आम्ही पेपर सोडवले होते, पण समोरच्या चाकात नेमके काय कशावर टेकले आहे हे सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडई उठायच्या आत, आम्ही वही आणि फूटपट्टी घेऊन परत गेलो. पहिल्या पानावरचे चित्र त्या सकाळचे आहे. मंडळाची स्थापना म्हणून दाखवण्यासारखा दुसरा दिवस आपल्याकडे नाही.

पुढची दोन वर्षे आम्ही काकांकडून शिकलो. त्यांनी पहिल्या संध्याकाळी शिकवले ते भरण्याचे तंत्र. काका रांगेतली माणसे ओळीने बसवत नसत. पहिल्या डोलीत चौघे बसवले की चाक अर्धे फिरवून समोरच्या सातव्या डोलीत चौघे. मग चौथी, मग दहावी. उतरवतानाही तसेच. एखादे कुटुंब ‘आमाले सोबतच बसवा’ म्हणून हट्ट धरून बसले तर ते सरळ नाही म्हणत. वहीत आम्ही त्याचा हिशेब मांडला आहे. त्रिज्या सात मीटर धरा आणि एका डोलीत साठ-साठ किलोची चार माणसे, म्हणजे २४० किलो. समोरची डोली रिकामी ठेवली आणि भरलेली डोली आसाच्या पातळीत आली की चाकाला एका बाजूला ओढणारे घूर्ण होते सुमारे साडेसोळा हजार न्यूटन मीटर. पट्टा घसरला किंवा ब्रेक ढिला पडला तर एवढ्या ओढीने चाक आपोआप मागे फिरेल. काकांना न्यूटन ठाऊक नव्हता. पट्टा कण्हायला लागला की कोणत्या बाजूला किती माणसे जास्त झाली हे ते पाठ फिरवून सांगत.

त्याच पानावर खाली दुसरा एक हिशेब आहे, तो आमच्या कुतूहलाचा. पोटात गोळा का येतो? तेच सात मीटरचे चाक मिनिटाला सहा फेरे घेत असेल तर बसलेल्या माणसाला केंद्राकडे लागणारा प्रवेग गुरुत्वाच्या साधारण २८ टक्के भरतो. म्हणजे साठ किलोच्या माणसाला माथ्यावर आपण ४३ किलोचे झाल्यासारखे वाटते आणि तळाशी ७७ किलोचे. दहा सेकंदांत एक फेरा, पाच सेकंदांत चौतीस किलोंचा फरक. आम्ही हे काकांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, ‘आन् डोलीच्या खिरीले?’ खिरी म्हणजे खिळी. तिला तर दर फेऱ्याला हा फरक सोसावा लागतो, रात्रभर, आणि सगळी मंडयांची रांग संपेपर्यंत. सुटते वजन आणि वाढते वजन यांनी लोखंड थकते, हे पुस्तकात आम्ही ‘फटीग’ या नावाखाली वाचले होते. काकांच्या प्रश्नाने ते मला पहिल्यांदा कळले.

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही भेगा शोधायला लागलो. महागड्या रंगद्रव्याच्या फवाऱ्याला पैसे नव्हते. जुन्या कर्मशाळांमध्ये चालत आलेली युक्ती वापरली : रॉकेल आणि खडू. वेल्डिंगचा सांधा तारेच्या ब्रशने घासून लख्ख करायचा. त्यावर रॉकेल लावून दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवायचे. कोरड्या फडक्याने पुसून काढायचे, पार कोरडे दिसेपर्यंत. मग वरून खडूची बारीक भुकटी चोळायची आणि थांबायचे. सांधा धड असेल तर भुकटी पांढरीच राहते. भेग असेल तर तिच्या आत शिरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्यावर केसासारखी काळसर रेघ उमटते. पहिली रेघ उमटली ती नवव्या डोलीच्या कानावर, करंगळीच्या नखाएवढी लांब. आम्ही सहा जण त्यावर ओणवे झालो होतो. काकांनी आपला पोरगा बोलावून त्याला ती दाखवली. त्या रात्री नववी डोली आणि तिच्या समोरची तिसरी, दोन्ही रिकाम्या फिरल्या. त्या रेघेने मंडळाला काम दिले, असे मला आजही वाटते.

भार तपासायला मात्र आपल्या भागात कशाचीच उणीव नाही. दिवाळीला हलके धान निघालेले असते. चाळीस किलोचा एक कट्टा, असे सहा कट्टे एका डोलीत ठेवले की चार माणसे झाली. माणूस बसवायच्या आधी धान बसवायचे, वीस फेरे घ्यायचे आणि प्रत्येक खिळी पुन्हा पाहायची, हा मंडळाचा पहिला लेखी नियम आहे. कट्टे देणाऱ्या शेतकऱ्यांची नावे वहीत आहेत; वर्गणीदारांच्या यादीपेक्षा मला ती यादी मोलाची वाटते.

जगात या विद्येचा उगम कुठे, हे आम्ही नागपूरच्या ग्रंथालयांत बसून शोधले. लाकडी पाळणे तर फार जुने. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी पुढे हिंदुस्थानात आला, त्याने १६२० साली बाल्कन प्रदेशातल्या प्लोवदिव शहरी माणसे बसवून फिरवायची चाके पाहून लिहून ठेवली होती. पण पोलादी आकाशपाळणा एका अभियंत्याचा. जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस हा अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या रेन्सलर पॉलिटेक्निकमधून १८८१ मध्ये शिकून बाहेर पडला. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याला तोड म्हणून त्याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात २६४ फूट उंचीचे चाक उभे केले. ३६ डबे, प्रत्येक डब्यात साठ माणसे, मधला आस एकट्याचाच सुमारे चाळीस टन. पण आमचे मन गुंतले ते दुसऱ्याच गोष्टीत. फेरिसचा मूळ धंदा झुल्यांचा नव्हता. पिट्सबर्गला त्याची कंपनी होती ती पुलांसाठी येणारे पोलाद तपासून देणारी. दोष शोधण्यात हात मुरलेल्या माणसाने ते चाक रचले होते. १८९६ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी तो गेला. चाक १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडले. ही गोष्ट सांगितली की नव्या सभासदांचे डोळे उंचीवर खिळतात. मी त्यांना पुन्हा पुन्हा पोलाद तपासण्याकडे वळवतो.

आता कडीची हकिकत, कारण मंडळाने स्वतः रचलेली पहिली वस्तू तीच. डोलीच्या दाराला साधी साखळी असे, खिळ्याला अडकवायची. गर्दीत ती अर्धवट अडकली तरी खालून दिसत नसे. आम्ही चपट्या पट्टीची एक झकास कडी आखली. तिला स्प्रिंग, तिला दुहेरी अडसर. महामार्गाकाठच्या वेल्डिंगच्या दुकानात दोन दिवस बसून बारा कड्या करून घेतल्या. मंडईत लावल्या. रात्री नाटकाला जाऊन परत आलो तो बाराही कड्या उघड्या लोंबत होत्या आणि दारांना पुन्हा साखळ्या.

मला फार वाईट वाटले. रागही आला. काकांच्या पोराला विचारले तर त्याने तोंडाने उत्तर दिलेच नाही. एका लहान पोरीला कडेवर घेतले, डोलीत बसवले आणि एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने आमची कडी लावायचा प्रयत्न करून दाखवला. लागेना. तिला दोन हात लागत. आणि डोलीपाशी उभ्या माणसाचा एक हात नेहमीच कोणाला तरी धरून असतो.

पुढच्या दिवाळीला दुसरी कडी झाली. स्प्रिंग काढून टाकली. दार ओढले की स्वतःच्या वजनाने पडून बसणारी पट्टी, एका अंगठ्याने उचलता येईल अशी, पण आतल्या मुलाचा हात पोचणार नाही एवढी खाली. पट्टीचा जो भाग फक्त दार उघडे असतानाच दिसतो त्याला लाल रंग दिला. इंजिनापाशी उभ्या माणसाला खालून लाल दिसले की पट्टा चढवायचा नाही. ही कल्पना मंडळात आलेल्या पहिल्या दोन मुलींपैकी एकीची. ती विद्युत शाखेची होती आणि तिला यंत्रातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. ती कडी अजून चालते.

बऱ्याच वर्षांनी आम्हाला समजले की हीच गोष्ट दूर देशी रीतसर शिकवली जाते. कॅनडातल्या टोरोंटो शहरी रायर्सन विद्यापीठ होते, २०२२ पासून त्याचे नाव टोरोंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ. तिथे प्राध्यापिका कॅथरिन वुडकॉक यांनी झुल्यांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा चालवली. त्यांचा विषय माणूस आणि यंत्र यांचा मेळ : चालवणाऱ्याचा हात कुठे पोचतो, बसणाऱ्याला सूचना कळते का, तपासणारा काय पाहायचे विसरतो. त्यांच्या विद्यापीठाने सुरू केलेल्या स्पर्धेसाठी ठिकठिकाणच्या विद्यापीठांतले अभियांत्रिकीचे विद्यार्थी फ्लोरिडात ओरलँडोच्या युनिव्हर्सल उद्यानात जमत आणि झुले बनवणाऱ्या अनुभवी लोकांसमोर आपली रचना मांडत. मंडळाच्या बैठकीत मी हे वाचून दाखवले तेव्हा काकांचा पोरगा, आता स्वतःच झुलेवाला झालेला, तिथे होता. त्याला मी म्हणालो की तू कडेवर पोर घेऊन जे दाखवलेस त्यावर तिथे प्रबंध लिहितात. तो लाजला.

नवा झुलाच का बनवू नये, ही मागणी मंडळात दर चार वर्षांनी उठते, म्हणजे दर नव्या तुकडीबरोबर. ती चुकीची नाही. गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हापासून मोठ्या झुल्यांचे वेड महाराष्ट्राला आहे. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका उघडले आणि तिथला ‘नायट्रो’ पाहून आलेली मुले आठवडाभर दुसरे बोलत नव्हती. तो बनवला स्वित्झर्लंडच्या बॉलिगर आणि माबियार यांच्या कंपनीने. त्या वर्षी स्थापत्य शाखेच्या मुलांनी तारेचा एक नमुना केला, उलटा फेरा घेणारा. गोटी माथ्यावरून पडू नये एवढाच वेग ठेवला आणि फेरा अगदी गोल केला तर तळाशी शिरताना सहापट वजन येते, हे त्यांनी गणिताने काढले. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला १८९५ मध्ये असा गोल फेरा खरोखरच बांधला होता आणि त्यात बसणाऱ्यांच्या माना दुखावत. उपाय रस्तेवाल्यांच्या घरचाच निघाला. सरळ रस्ता वळणात एकदम शिरत नाही, मध्ये हळूहळू आवळत जाणारा संक्रमण वक्र असतो. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल आणि कारागीर आंटोन श्वार्त्झकोप्फ यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात उलट्या फेऱ्याला तोच वक्र दिला, म्हणून तो थेंबासारखा दिसतो. महामार्गाच्या वळणावर नेऊन मी मुलांना हे समजावले. तारेचा तो नमुना कपाटावर आहे.

एक प्रयोग मात्र फसला आणि तो लिहून ठेवला पाहिजे. भारनियमनाच्या काळात आम्ही वाचले की अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी घाना देशातल्या शाळांसाठी मुलांनी ढकलायची गोल चकरी रचायला हात लावला. तिच्यातून वीज तयार होऊन कंदील भारले जातात. आम्हीही एका शाळेच्या अंगणात तशी चकरी उभी केली. पाहिजे तेवढी वीज मिळेना, कारण गिअरमध्येच मुलांचा जोर खर्ची पडत होता, आणि चकरी जड झाल्यामुळे लहान मुले तिच्याकडे फिरकेनाशी झाली. शेवटी आम्ही डायनामो काढून टाकला. त्या दिवसापासून चकरीवर पोरांची रांग लागली.

१४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या उद्यानात लंबकासारखा झुलणारा एक झुला तुटून पडला. दोन माणसे गेली, कितीतरी जखमी झाली. आपल्याकडेही तोपर्यंत मंडयांत ब्रेक डान्स आणि मोठी नाव हे झुले आले होते. त्या दिवाळीत तीन गावांच्या मंडई समित्यांनी मंडळाकडे पत्र मागितले, झुला ठीक असल्याचे. कार्यकारिणीत रात्री उशिरापर्यंत वाद झाला. आपण देत नाही तर कोण देणार, असे काहींचे म्हणणे. मी विरोधात होतो आणि अजून आहे. भारतीय मानक ब्युरोची झुल्यांच्या सुरक्षिततेची मानके आहेत, परवानगीची रीत आहे, आणि सक्षम अधिकाऱ्याची सही ही शिकणाऱ्या मुलाची सही नव्हे. आमच्या कागदाच्या भरवशावर कोणी माणसे बसवली आणि आम्ही न पाहिलेली भेग उघडली तर? मंडळाने पत्र दिले नाही. त्याऐवजी एक तक्ता छापला, मराठीत, मोठ्या अक्षरात, झुलेवाल्याने स्वतः रोज पाहायच्या गोष्टींचा : पिना, सांधे, पट्टा, ब्रेक, कड्या, पायांखालच्या फळ्या, वारा. वाऱ्याचे कलम काकांनी घालायला लावले. पिनांची एक डबी तक्त्यासोबत फुकट देतो. कोणत्याही झुल्यावर तार दिसू नये, एवढ्यासाठी.

२०२० च्या दिवाळीत कोरोनामुळे मंडया जवळपास भरल्याच नाहीत. काकांचा झुला घराच्या मागे पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी सुटा पडून होता. त्या हिवाळ्यात ते गेले. त्यांचे नाव वहीत जागोजाग आहे. घरच्यांच्या इच्छेमुळे इथे देत नाही.

गेल्या दिवाळीची नोंद वहीत मी केली नाही, यंत्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने केली आहे, तिच्या पहिल्याच मंडईची. आम्ही सकाळी सातला पोचलो तेव्हा दव होते आणि मैदानावर कोणी नव्हते. झुला उभा होता. तिने लिहिले आहे की पहिली, चौथी, सातवी आणि दहावी डोली धानाने भरलेली होती, सहा-सहा कट्टे. झुलेवाला इंजिनापाशी बसून चहा घेत होता. वीस फेरे झालेत, असे त्याने सांगितले, आणि विचारले की खडू आणलाय का, त्याच्याकडचा संपला होता.